ओट्यात रोवलेलं मशीन

"मी फक्त गहू फिरवला वं ताई!"

"फक्त? तीन दिवस भिजलेला, चिकट झालेला कुरडईचा गहू, आणि वरून म्हणते फक्त!"

"मंग मिक्सर कशासाठी असते? फिरवासाठीच न?"

"चटणीसाठी असते. शेंगदाण्याच्या कुटासाठी असते. हे पाह्य, नाक लाव इथं. लाव नाक! काय वास येऊन राह्यला?"

"जळकट."

"जळकट नाही म्हणत त्याले. मोटर मेल्याचा वास हाय तो. खालचं लाल बटन उडालं असन, तू दाबलं असन. पुन्हा उडालं, पुन्हा दाबलं. खरं का खोटं?"

"तुमाले कोणी सांगितलं?"

"मिक्सरनं सांगितलं. तुझ्यापेक्षा खरं बोलते तो."

छायाला हसू आलं. भांडायला आलेल्या बाईला हसू आलं की भांडण अर्धं संपतं, हे धम्मशीलाला ठाऊक होतं. तिनं मिक्सर उलटा करून टेबलावर आडवा टाकला, पेचकस उचलला आणि दुकानाच्या दाराबाहेर बोट दाखवलं.

"ते काय उभं हाय तिथं?"

"मशीन."

"कशाचं?"

"गहू दळाचं."

"उरलेला गहू घेऊन ये. आत्ता. चहा होईपर्यंत दळून होईन."

छायानं दाराबाहेरच्या सिमेंटच्या ओट्याकडे पाहिलं. ओट्यावर सायकलीचं चाक, पट्टा आणि लोखंडी तोटी असं काहीतरी विचित्र, पण चकचकीत पुसलेलं मशीन उभं होतं. मग तिनं रस्त्याच्या पलीकडे पाहिलं, स्वतःच्या आळीकडे. पदर नीट केला.

"घरी विचारावं लागते, ताई."

"कोणाले?"

"तुमाले माहीत नाही काय कोणाले!" तिनं आवाज खाली आणला. "तुम्ही मिक्सरच करा. पण आजच करा हो. संध्याकाळपर्यंत गहू आंबून जाईन."

आणि ती गेली.

जळगाव जामोदहून सातपुड्याच्या अंगाला जाणाऱ्या रस्त्यावर हे गाव आहे. रस्त्याच्या एका बाजूला वरची आळी, दुसऱ्या बाजूला भीमनगर. भीमनगरच्या तोंडाशी, अगदी रस्त्याला लागून, 'धम्मशीला रिपेअरिंग सेंटर' अशी निळी पाटी आहे. मिक्सर, पंखे, कूलर, इस्त्र्या, टीव्ही, चार्जर, जे बंद पडेल ते इथं येतं. वरच्या आळीतूनही येतं, रोज येतं. दुकानात यायला कुणालाच अडचण नाही. अडचण आहे ती दुकानासमोरच्या ओट्याची. त्या ओट्यावर वरच्या आळीतली एक तरी बाई दळायला गहू घेऊन येते की नाही, एवढ्या एका गोष्टीवर धम्मशीलाचा जीव टांगला होता. मशीन बसवल्यापासून दुसरा चैत्र चालू होता आणि अजून एकही आली नव्हती.

धम्मशीलाला लाजरी, अबोल कारागीर वगैरे समजून कुणी भेटायला गेलं, तर पहिल्या मिनिटात गैरसमज दूर होईल. "ह्या पट्ट्यात माझ्या हाताखालून न गेलेला मिक्सर म्हणजे अजून खोक्यात बसलेला मिक्सर," हे तिचं स्वतःबद्दलचं मत आहे, आणि ते ती न विचारता सांगते. उंच, काळीसावळी, हातात बांगडी नाही ("तारेत अडकते"), कानामागे पेन्सिल, आणि आवाज असा की शिवारात उभी राहिली तर बैलगाडी थांबेल.

तिचे वडील दयाराम जळगावला शेतीपंपांच्या मोटारी भरायचे. मोटार भरणं म्हणजे जळलेली तांब्याची तार काढून नवी गुंडाळणं. शाळेला सुट्टी असली की पोरगी त्यांच्यासोबत. तारेचं एक टोक धरून बसायची. आई भिमाबाई दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जायची आणि संध्याकाळी नवऱ्याशी भांडायची, "पोरीचे हात काळे करून राह्यले तुम्ही!" दयाराम म्हणायचे, "काळे नाही, तांब्याचे." दहावीनंतर पोरगी खामगावला आयटीआयला गेली. पहिल्या दिवशी दारावरचा माणूस म्हणाला, बाई, शिवणकामाचा वर्ग तिकडं. ही म्हणाली, "मले सुईत दोरा नाही ओवाचा, मोटारीत तार ओवाची हाय." वर्गात एकटी मुलगी. पहिला आठवडाभर पोरं हसली. नंतर जर्नल मागायला रांग लागली.

लग्नात तिनं आंदण म्हणून एकच वस्तू आणली, वडिलांचं तार गुंडाळायचं हातयंत्र. सासूनं ते उलटंपालटं करून पाहिलं.

"भांडे कुठं हाय?"

"हे फिरवलं की भांडे येतीन."

आले. भांडी आली, दुकान आलं, वर पत्रे आले. नवरा प्रसेनजित गाव ते जळगाव काळीपिवळी जीप चालवतो, आणि गाडीत बसलेल्या प्रत्येकाला सांगतो की आमच्या घरचे मिस्त्री म्हणजे आमची बायको. दुकानाची निम्मी जाहिरात त्याच्या गाडीत होते.

तिच्या कामाची एक खोड आहे. वस्तू दुरुस्त झाली की झाकण लावायच्या आधी ती आतल्या बाजूनं नेलपॉलिशनं आपलं नाव आणि साल लिहिते. लाल नेलपॉलिश. बोटांना कधी लावलेलं नाही, बाटल्या मात्र दुकानात कायम.

"आतमंदी कोण पाह्यते वं ताई?" गिऱ्हाईक विचारतं.

"पुढचा मिस्त्री पाह्यीन. त्याले समजू दे, ह्याले कोणाचा हात लागला होता."

गावात असे मिक्सर आहेत की झाकण उघडलं तर आत एकाखाली एक सालं दिसतात. चौदा साली मोटरीतला कार्बन बदलला, सोळा साली भांड्याखालची रबरी वाटी बसवली, एकोणीसला मोटर भरली. लोक अंगणात झाडं वाढवतात, धम्मशीलानं मिक्सर म्हातारे केले. कंपनीनं दिलेल्या आयुष्याच्या दुप्पट, तिप्पट जगवले. "नवा घेणं सोपं असते," ती म्हणते, "जुन्याले जगवाले माणूस लागते."

पण चैत्र आला की हे सगळे म्हातारे मरायला टेकायचे. कारण कुरडई.

कुरडईचा गहू तीन दिवस भिजतो, रोज पाणी बदलायचं, मग तो वाटायचा आणि पिळून त्याचा पांढरा चीक काढायचा. पूर्वी गावात हातानं फिरवायची लोखंडी मशीनं होती. एका घरचं मशीन चार घरी फिरायचं, बाया आळीपाळीनं दांडा मारायच्या, दंड भरून यायचे आणि गप्पा रंगायच्या. मग लग्नाच्या आंदणात मिक्सर आले. मिक्सर आले तशी हातमशीनं भंगारात गेली, आणि भिजलेला गहू मिक्सरच्या भांड्यात पडला. हा गहू पात्याला डिंकासारखा धरून बसतो. मोटर ओढते, तापते, लाल बटन उडतं. बाई म्हणते, अर्धा तं झाला, अजून थोडासाच. बटन दाबते. आणि मग तो वास.

दर चैत्रात दुकानाच्या दाराशी मिक्सरची रांग लागायची. प्रसेनजित खूश, धम्मशीलाही खूश. मग एका पौर्णिमेला तिची खुशी गेली.

विहारात वंदना चालू होती. भीमनगरच्या मागच्या नाल्याकडून धूर आला. काळा, जड, घशाला खरवडणारा. तो धूर नवा नव्हता. गावातल्या मेलेल्या वस्तू भंगारवाला मोतीराम नेतो, आणि तारेतलं तांबं सुटं करायला ती नाल्यात जाळतो. वरच्या आळीच्या वस्तू, भीमनगरच्या वस्तू, सगळ्यांच्या. धूर मात्र भीमनगरात येतो, कारण नाला इकडं आहे. त्या दिवसांत भिमाबाई लेकीकडे राहायला आल्या होत्या. त्यांना खोकल्याची उबळ आली, त्या पदर तोंडाला लावून विहाराबाहेर गेल्या. धम्मशीला उठली ती तडक नाल्यात.

"मोतीराम, आज पौर्णिमा हाय बे!"

"मंग काय करू ताई? पौर्णिमेले पोट नसते काय?"

तिनं राखेकडे पाहिलं. तारांच्या गुंडाळ्यात एका मिक्सरचं बूड होतं, अर्धं वितळलेलं, आतली बाजू वर. त्यावर लाल अक्षरं होती. "धम्म" एवढंच उरलं होतं, पुढचं प्लास्टिकसोबत वाहून गेलं होतं.

"हा मी केला होता," ती म्हणाली. "मागच्याच वर्षी केला होता."

"गव्हात जळला पुन्हा. त्यायनं नवा आणला, हा मले देऊन टाकला."

घरी येऊन ती जेवली नाही. प्रसेनजितनं विचारलं, काय झालं. ती म्हणाली, माझं नाव जळताना पाहून आली. मग म्हणाली, "किती केले तरी पुरणार नाही. हे जळाच्या आधीच अडवावं लागीन."

"म्हणजे?"

"म्हणजे गहू मिक्सरमंदी जाऊच द्याचा नाही."

प्रसेनजितनं हातातली भाकरी ताटात ठेवली.

"तुले समजते काय, तू काय बोलून राह्यली? चैत्रातच तं दुकान चालते आपलं!"

"माहीत हाय."

"आपल्याच गिऱ्हाइकाले सांगाचं, मिक्सर जाळू नका?"

"डॉक्टर नाही सांगत काय, आजारी पडू नका?"

"डॉक्टर तोंडानं सांगते, आणि मनात म्हणते, पडा बाप्पा, पडा!"

"मंग मी डॉक्टरपेक्षा चांगली हाय," धम्मशीला म्हणाली, आणि त्या वाक्यानं तिची भूक परत आली.

मशीन तिनं मेलेल्या वस्तूंतूनच केलं. मोतीरामच्या ढिगातून एक हातमशीन काढलं, कुणाच्या तरी आजीचं, दांडा तुटलेलं. ते सोड्याच्या पाण्यात उकळून उकळून असं घासलं की भिमाबाई म्हणाल्या, "माझं लग्नातलं भांडं इतकं चमकत नव्हतं." एका मेलेल्या वॉशिंग मशीनची मोटर भरली. कूलरचं बटन लावलं. मोटर फार पळते, गव्हाला हळू चाल लागते, म्हणून मधे मोठं चाक हवं होतं. अंगणात प्रसेनजितची सायकल उभी होती.

"त्या सायकलले हात नको लावू. शाळेपासून हाय ती."

"कधी चालवली होती शेवटची?"

"चालवत नाही म्हून काय झालं? माझी हाय."

"ह्याच सवयीनं तं सगळ्याच्या कपाटात मेलेले मोबाईल पडले हाय," ती म्हणाली. मागचं चाक दुसऱ्या दिवशी मशीनवर होतं.

पहिल्या चाचणीला प्रसेनजित समोर उभा राहिला, इस्त्रीचा शर्ट घालून, कारण नंतर त्याची गाडी भरायची होती. बटन दाबलं. मशीन ओरडलं, अख्खं धडधडत दोन हात पुढं चालत आलं आणि भिजलेला गहू त्याच्या शर्टावर, मिशीवर आणि मागच्या भिंतीवर. भिमाबाई हसून हसून खाली बसल्या. "जावई कुरडईसारखे दिसून राह्यले!"

मग पट्टा बदलला, चाल आणखी उतरवली. आणि मशीन चालत फिरू नये म्हणून दुकानासमोरच्या ओट्यात चार बोल्ट सिमेंटमध्ये पक्के रोवले. आता ते म्हशीनं रवंथ करावी तसं सावकाश चावतं. वरून गहू, खालून लगदा. मोटर हाताला कोमटसुद्धा लागत नाही.

दळण्याचे पैसे ती घेत नाही. घरातली एक मेलेली वस्तू द्यायची. बंद चार्जर, उडालेला बल्ब, बटनं गेलेला रिमोट, फुगलेल्या बॅटरीचा मोबाईल. त्यातलं जे कामाचं ते ती काढून घेते, ज्यात काही उरलं नाही ते पोत्यात भरते, आणि पोती प्रसेनजितच्या गाडीवर चढतात, जळगावला ई-कचऱ्याच्या सरकारमान्य कारखान्याची गाडी येते तिथं. नाल्यात काही जात नाही. मोतीरामलाही तिनं तिथं नेऊन ओळख करून दिली. आता तो तारा न जाळता तशाच देतो. कुरकुरतो, पण देतो.

त्या पहिल्या चैत्रात भीमनगरातला एकही मिक्सर गव्हात जळला नाही. ओट्यावर बाया जमायच्या, एकीचा गहू संपेपर्यंत दुसरीची बडबड, आणि बाजांवर पांढऱ्या कुरडयांची जाळी वाळत पडलेली. धम्मशीला दुकानातून काम करता करता ओरडायची, "पुसून ठेवा वं मशीन! माझ्या नवऱ्याची सायकल हाय ती!"

वरची आळी रस्त्यावरून पाहत होती. पाहून नावं ठेवत नव्हती, उलट कौतुक करत होती. हुशार हाय हो धम्मशीला. काय डोकं चालवलं. वरच्या आळीतून बंद पडलेले बल्ब आले, चार्जरचे गुंतवळे आले, दोन जुने टीव्हीही आले. मेलेल्या वस्तू त्या ओट्यावर यायला कुणाची हरकत नव्हती. भिजलेला गहू यायची होती. गहू मिक्सरमध्ये जात राहिला, मिक्सर जळत राहिले, आणि दुरुस्त व्हायला धम्मशीलाकडेच येत राहिले.

तर छाया गेली त्या दुपारी धम्मशीलानं मिक्सर उघडला. आतला फिरता भाग काळा कोळसा झाला होता. तिनं मागच्या फळीवरून त्याच कंपनीचा एक मेलेला मिक्सर काढला, त्याचं बूड फुटलं होतं पण मोटर धड होती. इकडचं तिकडं केलं, नवे कार्बन बसवले, नाव-साल लिहिलं, फुंकर मारून वाळवलं. झाकण लावत होती तेवढ्यात प्रसेनजित जेवायला आला.

"सत्यभामाबाईचा निरोप हाय," तो म्हणाला. "मिक्सर घेऊन तूच ये म्हणाल्या. बोलाचं हाय."

सत्यभामाबाई म्हणजे छायाची सासू. वरच्या आळीतल्या बचत गटाच्या अध्यक्ष. त्यांनी हळदीकुंकवाला काय वाण लुटायचं हे ठरवलं की अख्खी आळी तेच लुटते.

"काय बोलाचं हाय?"

प्रसेनजितनं तांब्यातलं पाणी पिऊन घेतलं. "मशीन मंदिराच्या सभामंडपात ठेवा म्हणतात. गटाकडून नवी शेड देतो, लाईनचं बिल देतो. पाटीवर तुझं नाव टाकतो."

"तू काय म्हणाला?"

"मी म्हणालो, सांगतो घरी." त्यानं तांब्या खाली ठेवला. "धम्मा, रागावू नको. पण विचार कर. तुले काय पाहिजे होतं? मिक्सर वाचले पाहिजे. धूर बंद झाला पाहिजे. मंदिरात ठेवलं तं अख्खी आळी दळीन. एकही मिक्सर जळणार नाही. नावही तुझं."

"नाव नको मले. नाव मी आतून लिहितो."

"मंग काय पाहिजे?"

"पाय पाहिजे," धम्मशीला म्हणाली. "त्यांचे पाय. ह्या ओट्यापर्यंत."

प्रसेनजितनं ओट्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "नाही आले तं?"

"तं मिक्सर दुरुस्त करीन. तेच करतो न मी."

तिनं मिक्सर पिशवीत घातला आणि रस्ता ओलांडला.

सत्यभामाबाईंची ओसरी गार होती. त्यांनी स्वतः उठून खुर्ची सरकवली, छायाला चहा टाकायला सांगितला. चहा चांगल्या कपातून आला, पाहुण्यांच्या कपातून. धम्मशीलानं तो सावकाश प्यायला. छाया आत गेली, पण भांड्यांचा आवाज थांबला होता. आतून ऐकणं चालू होतं.

"मशीन मस्त केलं हो तू," सत्यभामाबाई म्हणाल्या. "मी सगळ्याइले सांगतो, शहरात असती तं पेपरात फोटो आला असता."

"इथंही येऊ शकते, काकू. तुम्ही दळाले आल्या की बोलावतो पेपरवाल्याले."

सत्यभामाबाई हसल्या. "तू म्हणजे ना! पाह्य, मी काही मानत नाही. माझ्या मनात काही नाही. पण बाकीच्या बाया..."

"कोणत्या बाकीच्या?"

"आळीतल्या."

"काकू, मी आळीतल्या घराघरात मिक्सर पोहोचवतो. जिथं गेली तिथं हेच ऐकतो. माझ्या मनात काही नाही, बाकीच्या बाया. सगळ्याच घरी जाऊन आली मी. ह्या बाकीच्या राह्यतात कुठं?"

आत काहीतरी खळ्ळकन वाजलं. हसू दाबताना हातातून चमचा सुटल्यासारखं.

सत्यभामाबाईंचा चेहरा थोडा आवळला. पण त्या भांडखोर नव्हत्या, त्या गट चालवणाऱ्या बाई होत्या. त्यांनी सूर बदलला. "मंदिर सगळ्याइचंच हाय न? तुमची मंडळीही या. कोणी नाही म्हणणार."

"कुलूप कोणाकडं राह्यीन?"

"पुजाऱ्याकडं. दुसऱ्या कोणाकडं?"

"पट्टा सरकला, गहू अडकला तं?"

"तुले बोलावू."

"म्हणजे मशीन तुमच्याकडं, आणि बोलावलं की मी. आणि ज्या बाईचे चार दिवस असतीन, तिचा गहू कुठं जाईन? मंदिराच्या पायरीवर बसून आंबीन?"

बाहेर रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. धम्मशीलानं कप खाली ठेवला.

"काकू, तुमच्या घरचा चहा मी आत्ताच प्याली. गोड होता. तुमच्या मिक्सरच्या पोटात माझे हात जातात, त्याच मिक्सरमंदी तुमची चटणी होते. मंग माझ्या ओट्यावरच गव्हाले काय होते?"

"मी सांगितलं न, मी मानत नाही."

"मंग या."

"एवढं सोपं असते काय?"

"नाही. मशीन केलं तेही सोपं नव्हतं." ती उठली, भिंतीवरच्या प्लगात पिन घातली आणि मिक्सर सुरू केला. नवीन मोटरचा आवाज ओसरीत गुळगुळीत फिरला. तिनं तो बंद केला. त्या आवाजाचा अभिमान तिला लपवता आला नाही. "ऐकलं? खोक्यातला नवा इतका साफ नाही वाजत. आता ह्याले चटणी द्या, कूट द्या, दहा वर्षं चालीन. भिजलेला गहू दिला तं आज संध्याकाळी जळन. तुम्ही पुन्हा पाठवसान, मी पुन्हा करीन. दरवर्षी करीन. पण मशीन ओट्यात रोवलेलं हाय, काकू. ते नाही चालत. माणसं चालतात."

सत्यभामाबाईही उठल्या. आता त्यांचा आवाज खरा होता, गटाच्या बैठकीतला नव्हता.

"तुझा हट्ट हाय हा. आणि हट्टापायी तुझं मशीन तसंच उभं राह्यीन. वरच्या आळीतली एक बाई दाखव मले, एक, जी दिवसाउजेडी गव्हानं भरलेला गंज घेऊन तुझ्या ओट्यावर येईन. दाखव!"

धम्मशीलाकडे दाखवायला कुणी नव्हतं. तिनं पिशवीची घडी घातली, काखेत धरली. मान मात्र खाली घातली नाही.

स्वयंपाकघराचा पडदा हलला. छाया बाहेर आली. कमरेवर भिजल्या गव्हानं भरलेला जर्मनचा मोठा गंज, वर ओलं फडकं बांधलेलं, फडक्यातून पाणी झिरपत होतं आणि तिच्या साडीवर ओला डाग पसरत होता.

"बरं झालं आली," सत्यभामाबाई म्हणाल्या. "मिक्सर झाला पाह्य. आत ने आणि होऊन जाऊ दे तेवढा गहू."

छायानं मिक्सरकडे पाहिलं. मग ती त्याच्या बाजूनं पुढं गेली, दाराशी वाकली आणि एका हातानं गंज सावरत पायात चप्पल घातली. डावी सरकली, ती पुन्हा घातली.

"कुठं निघाली?"

धम्मशीला दारातून बाजूला झाली.

"छाया, मी काय विचारून राह्यली? मिक्सर इथं हाय न! चालू हाय न आता!" सत्यभामाबाई दोन पावलं मागोमाग आल्या. समोरच्या घराच्या ओसरीवर दोघीजणी गव्हातले खडे निवडत बसल्या होत्या, त्यांनी माना वर केल्या. सत्यभामाबाईंनी आवाज दाबला. "अवं, ऐक तं! आळी पाहून राह्यली... निदान मागच्या दारानं जा!"

छायानं फाटकाची कडी वर केली, गंज कमरेवर नीट बसवला, आणि भर रस्त्यानं भीमनगरच्या दिशेनं चालू लागली.